रेल्वेची तूट आणि रस्त्यांचा खर्च

जुन्नर तालुक्यातील आळे हे गाव ज्ञानेश्वरांच्या रेड्याच्या समाधीमुळे साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. व्यापारउदिमात मात्र त्याचे नाव निघते ते आळेफाट्यामुळे. पुणे–नाशिक आणि कल्याण–अहिल्यानगर हे दोन राष्ट्रीय महामार्ग येथे एकमेकांस छेदतात. जुन्नर बाजार समितीच्या येथील उपबाजारात कांद्याची मोठी आवक होते आणि तो कांदा मालमोटारींतून दूरदूरच्या बाजारपेठांकडे रवाना होतो. चारही दिशांना रस्ते आहेत; रेल्वे एकाही दिशेला नाही.

याचे कारण दीडशे वर्षांपूर्वीच्या आखणीत आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने सह्याद्री दोन ठिकाणी ओलांडला. बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये आणि थळघाटाचा १८६५ मध्ये खुला झाला. पुढे १८७८ मध्ये दौंड–मनमाड हा मार्ग पूर्वेकडून या दोहोंना जोडून गेला. या तिन्ही मार्गांच्या मधोमध जुन्नर, आंबेगाव, अकोले आणि संगमनेर हे तालुके कोरडेच राहिले. माळशेज घाटातून कल्याण–नगर रेल्वे व्हावी ही मागणी कित्येक दशकांची आहे. अलीकडच्या काळात तिच्या जोडीला पुणे–नाशिक थेट रेल्वेची मागणी आली, तिचा आराखडा झाला, मोजणी झाली आणि मग सारे थबकले.

या मागणीची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येते. प्रवासी रेल्वे तोट्यात चालते, शासनाने तो तोटा किती सोसावा? रस्त्याबाबत मात्र असे कोणी विचारीत नाही. रस्ता झाला की विकास झाला, असे गृहीत धरले जाते. हा फरक खरा किती आणि केवळ हिशेब मांडण्याच्या पद्धतीमुळे भासतो किती, हे तपासणे हा या व्याख्यानाचा विषय आहे.

वाटेचा खर्च वाटसरूने द्यावा की राजाच्या भांडारातून व्हावा, हा प्रश्न या तालुक्याला तरी नवा नाही. सातवाहनकाळी कल्याण, सोपारा या बंदरांतून येणारा माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. घाटमाथ्यावर आजही असलेला मोठा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. आज आळ्याच्या परिसरातून पुण्याकडे निघालेल्या मोटारीला चाळकवाडीच्या नाक्यावर पथकर द्यावा लागतो. दोन हजार वर्षांत रांजणाची जागा नाक्याने घेतली, इतकेच.

रेल्वेला सरकारी आधार मिळतो ही गोष्टही आजची नव्हे. १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने जी. आय. पी. रेल्वेशी जो करार केला त्यात भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी होती आणि जमीन विनामूल्य द्यावयाची होती. नफा झाला तर तो भागधारकांचा आणि तूट आली तर ती हिंदी करदात्याची, असा तो व्यवहार होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनीही अंदाजपत्रकावरील आपल्या भाषणांत रेल्वेवरील वाढत्या खर्चास हरकत घेतली होती. पुढे ॲकवर्थ समितीच्या शिफारशीनुसार १९२४ मध्ये रेल्वेची वित्तव्यवस्था सर्वसाधारण अंदाजपत्रकापासून वेगळी काढण्यात आली. तेव्हापासून रेल्वेने सरकारी तिजोरीत प्रथम वर्गणी आणि नंतर लाभांश भरावा, अशी रीत पडली. २०१७–१८ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प पुन्हा मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला आणि लाभांशाचे बंधनही संपले.

नव्वदांहून अधिक वर्षे वेगळी चोपडी ठेवल्याचा एक परिणाम असा झाला की रेल्वेचा प्रत्येक रुपया एकाच ठिकाणी दिसतो. रूळ, पूल, स्थानके, इंजिने, डबे, सिग्नल, कर्मचाऱ्यांचे वेतन आणि निवृत्तिवेतन, फार काय, स्वतःचे पोलीस दल, सारे त्याच वहीत. साहजिकच तूटही त्याच वहीत उघडी पडते. संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२–२३ या वर्षी प्रवासी भाड्यातील सवलतीचा एकूण भार ५६,९९३ कोटी रुपये होता. शंभर रुपयांच्या सेवेसाठी प्रवाशाकडून सरासरी ५४ रुपये घेतले जात होते. मार्च २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी राज्यसभेत हीच गोष्ट किलोमीटरच्या भाषेत सांगितली. एका प्रवाशाला एक किलोमीटर नेण्यास १ रुपया ३८ पैसे खर्च येतो आणि वसूल होतात ७३ पैसे. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये काही वर्गांचे भाडे किलोमीटरमागे अर्ध्या पैशापासून दोन पैशांपर्यंत वाढले. त्याने चित्र फारसे बदलले नाही.

या सरासरीने पुणे–नाशिक या सुमारे २३५ किलोमीटरच्या प्रवासाचा हिशेब केला तर खर्च ३२४ रुपये, तिकिटातून १७२ रुपये आणि तूट १५२ रुपये येते. नव्या वेगवान गाडीचे दर आणि खर्च दोन्ही वेगळे असतील. पण तुटीच्या आकाराची कल्पना यावी म्हणून हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

ही ५६,९९३ कोटींची रक्कम सरकार रोख अनुदान म्हणून रेल्वेला देते, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. तिचा मोठा भाग मालवाहतुकीच्या भाड्यातून भरून निघतो. कोळसा, सिमेंट, लोखंड, खत आणि धान्य यांच्याकडून जास्त घ्यावयाचे आणि प्रवाशाकडून कमी, असा हा व्यवहार आहे. त्याचा एक दूरचा परिणाम आळेफाट्यापर्यंत पोहोचतो, तो पुढे पाहू.

आता रस्त्यांची वही उघडावयाची म्हटली तर पहिली अडचण अशी की ती एक नाहीच. पंचायत सदस्यांना हे कोणी सांगावयास नको. गावच्या एका रस्त्याचा तुकडा जिल्हा परिषदेच्या ‘तीस चोपन्न’ या लेखाशीर्षातून दुरुस्त होतो, दुसरा ‘पन्नास चोपन्न’मधून रुंद होतो, तिसरा ‘पंचवीस पंधरा’मधून काँक्रीटचा होतो. आमदार निधी आहे, वित्त आयोगाचा निधी आहे, प्रधानमंत्री आणि मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आहेत, पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाची योजना आहे. रोजगार हमी योजनेतून तर १९७२ च्या दुष्काळापासून महाराष्ट्रात खडी फुटली आणि रस्ते झाले. तो खर्च रस्त्यांचा म्हणून नव्हे, दुष्काळनिवारणाचा म्हणून नोंदला गेला. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे. वाहतूक नियंत्रणाचा खर्च गृह विभागात, अपघातग्रस्तांवरील उपचारांचा खर्च सार्वजनिक आरोग्य विभागात. वाहन आणि इंधन यांचा खर्च तर प्रत्येकाच्या घरच्या जमाखर्चात. इतक्या वह्यांत विखुरलेली तूट कोणाच्या डोळ्यांत भरणार?

रस्त्याचे वापरकर्ते कर देतात, हे खरे. त्या व्यवस्थेचा पाया घालणारा गृहस्थही मराठीच होता. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमण्यात आली. पेट्रोलवर जादा कर बसवून त्यातून रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी उभारावा, अशी तिची शिफारस होती. त्यानुसार १९२९ पासून दर गॅलनमागे दोन आणे वेगळे काढून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. हेच जयकर पुढे १९४८ मध्ये पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले; विद्यापीठाच्या ग्रंथालयाला असलेले त्यांचे नाव शिक्षकांना ठाऊक असते, पेट्रोलवरील उपकराशी असलेला त्यांचा संबंध सहसा ठाऊक नसतो. २००० साली या निधीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. २०१८ मध्ये त्याचे नाव केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी असे झाले आणि त्यातला वाटा इतर पायाभूत सुविधांनाही देण्याची वाट मोकळी झाली. जयकरांच्या काळी मोटार हे श्रीमंताचे वाहन होते. त्याच्या पेट्रोलवरचा कर गरिबाच्या बैलगाडीचा रस्ता सुधारील, हा त्यातला न्याय. आज डिझेलवरचा कर भाजीच्या भावातून सर्वांच्याच खिशातून जातो.

परंतु कर देणारे आणि रस्ता झिजविणारे यांचे प्रमाण जुळते काय? रस्ते अभियंत्यांना एक नियम परिचित आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या चाचणीतून तो निघाला. रस्त्याची झीज ही वाहनाच्या एकूण वजनापेक्षा एकेका आसावरील भाराच्या जवळजवळ चौथ्या घाताने वाढते. एक टन भाराचा आस आणि दहा टन भाराचा आस यांच्या झिजेत दहापट नव्हे, सुमारे दहा हजार पटींचा फरक पडतो. आपल्या देशात २०१८ मध्ये मालमोटारीच्या चार टायरांच्या एका आसावरील अनुज्ञेय भार १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आला. वाढ दिसावयास अवघी पावणेतेरा टक्क्यांची आहे. चौथ्या घाताच्या नियमाने झीज मात्र साठ टक्क्यांहून अधिक वाढते. डिझेल तेवढ्या पटीने जास्त लागत नाही, म्हणून करही तेवढा जास्त मिळत नाही. हा फरक बांधकाम विभागाच्या दुरुस्तीच्या खात्यात जाऊन पडतो आणि दुरुस्तीला पैसा नसेल तेव्हा खड्ड्यांच्या रूपाने ग्रामस्थांकडे येतो. दुचाकीवरून दूध घालावयास जाणारा आळ्याचा शेतकरी अशा रीतीने जड मालमोटारीला अनुदान देत असतो. त्याची पावती कोणी फाडत नाही.

येथेच मघाचा धागा परत हाती येतो. प्रवासी भाड्याची तूट भरण्यासाठी रेल्वेचे मालभाडे चढे राहिले, हे माल रेल्वेकडून रस्त्याकडे वळण्याचे एक कारण ठरले. दाराशी माल उचलण्याची मोटारीची सोय हे दुसरे आणि बहुधा मोठे कारण. स्वातंत्र्याच्या वेळी देशातील बहुतांश मालवाहतूक रेल्वेने होई. राष्ट्रीय रेल्वे आराखड्यात हे प्रमाण २७ टक्क्यांपर्यंत घसरल्याची नोंद आहे आणि ते २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. रेल्वेपासून दुरावलेले ओझे महामार्गांवर आले. म्हणजे मुंबईच्या उपनगरी गाडीतील स्वस्त पासाचा थोडा भार आळेफाट्याच्या डांबरावर पडतो, असे म्हटले तर ती निव्वळ अतिशयोक्ती ठरणार नाही.

कांद्याच्या बाबतीत याचा अनुभव येऊन गेला. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर अशी देशातील पहिली किसान रेल्वे सुटली. फळे आणि भाजीपाला यांच्या भाड्यात निम्मी सवलत होती. अनुदानाची मुदत संपली तसा त्या गाड्यांचा ओघही आटला. आळ्याच्या कांद्याला या गाडीचा लाभ घ्यावयाचा तर तो आधी मालमोटारीने नाशिककडील स्थानकापर्यंत न्यावा लागे. एकदा मोटारीत चढलेली गोणी पुन्हा उतरवून रेल्वेत चढविण्याचा खर्च आणि खटाटोप व्यापारी कशाला करील? जवळ स्थानक नसेल तर अनुदानही जवळ येत नाही.

रस्त्यावरील खर्च व्यर्थ आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. रुग्णवाहिका वस्तीपर्यंत जाते ती रस्त्याने. ठाकरवाडीतील मूल शाळेत येते ते रस्त्याने. रेल्वे कितीही झाली तरी ती वाडीवर पोहोचणार नाही, आणि पुरेसे प्रवासी नसलेल्या मार्गावर रिकामे डबे ओढण्याइतका महाग व्यवहार दुसरा नाही. रस्त्याचा भार समाजाने उचलावा हे योग्यच आहे. मात्र तो भार उचलला जात आहे हे मान्य केले पाहिजे. अपघातांचा हिशेब तर कोणत्याच वहीत पुरा होत नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांतील पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रातील होती. घरातील कर्ता गेला तर त्या कुटुंबाचे जे नुकसान होते ते बांधकामाच्या अंदाजपत्रकात धरण्याची सोय नाही.

राज्य परिवहनाची एस. टी. या दोहोंच्या मधली. १ जून १९४८ रोजी तिची पहिली गाडी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. रूळ घालावा लागत नाही ही तिची सोय, तर प्रवासी कर भरावा लागतो ही तिची गैरसोय. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास सुरू झाला. या सवलतींची रक्कम शासन महामंडळाला देते. सवलत कोणाला, किती आणि ती कोण भरणार हे शासन निर्णयातच लिहिलेले असते. महामंडळाच्या अडचणी सर्वश्रुत आहेत. तरीही अनुदान देण्याची ही पद्धत, तत्त्व म्हणून, रेल्वेच्या मुरलेल्या तुटीपेक्षा आणि रस्त्यांच्या विखुरलेल्या खर्चापेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

आता प्रत्यक्ष पुणे–नाशिक मार्गाकडे वळू. राज्य शासन आणि रेल्वे मंत्रालय यांच्या भागीदारीतील ‘महारेल’ने ताशी २०० किलोमीटर वेगाच्या दुहेरी मार्गाचा आराखडा केला. लांबी सुमारे २३५ किलोमीटर आणि अंदाजित खर्च सुमारे १६,००० कोटी रुपये. त्यातील २० टक्के रेल्वेने, २० टक्के राज्याने आणि उरलेले ६० टक्के भागभांडवल व कर्ज यांतून उभारावयाचे होते. २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली. सिन्नर तालुक्यात काही जमिनींची खरेदीखतेही झाली. किलोमीटरमागे हा खर्च सुमारे ६८ कोटी येतो. याच काळात पूर्ण होऊन जून २०२५ मध्ये संपूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा खर्च सुमारे ५५,००० कोटी, म्हणजे किलोमीटरमागे ७८ कोटींच्या घरात आहे. एक आकडा कागदावरचा अंदाज आहे आणि दुसरा झालेला खर्च, म्हणून तुलना ताणू नये. तरीसुद्धा रेल्वे महाग आणि रस्ता स्वस्त ही समजूत मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत टिकत नाही, एवढे यातून दिसते.

मग रस्ता होतो आणि रेल्वे अडते, असे का? एक कारण परताव्याच्या कसोटीत आहे. नवा रेल्वेमार्ग मंजूर करताना दीर्घकाळ १४ टक्के परताव्याची अट धरली जाई आणि तो परतावा रेल्वेच्या स्वतःच्या उत्पन्नातून मोजला जाई. रस्त्याची योजना तपासताना प्रवाशांचा वाचलेला वेळ, वाचलेले इंधन, वाहनांची कमी झालेली झीज हे सारे लाभाच्या बाजूला धरले जाते. रेल्वेला दुकानदाराचे माप आणि रस्त्याला कल्याणकारी राज्याचे माप लावले की निकाल आधीच ठरतो. रेल्वेसाठीही आता व्यापक आर्थिक लाभ मोजण्याकडे कल आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

दुसरे कारण अधिक साधे आहे. रस्ता तुकड्यातुकड्याने होतो. या वर्षी तीन किलोमीटर, पुढच्या वर्षी एखादी मोरी, आणि प्रत्येक तुकडा त्याच दिवसापासून वापरता येतो. दोन्ही टोके जुळल्याखेरीज अर्ध्या रेल्वेमार्गाचा उपयोग थोडा. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. राज्याने निम्मा खर्च उचलण्याचे मान्य केल्यावर कामाला गती आली, आणि बीडला पहिली गाडी पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. एक पिढी त्यात गेली. याउलट कोकण रेल्वेसाठी १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ झाले, केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ यांनी भांडवल घातले, रोख्यांतून कर्ज उभारले आणि १९९८ च्या आरंभी मार्ग पुरा झाला. पैसा एकाच वहीत आणि एकदम उभा राहिला की डोंगरही आडवे येत नाहीत, असा तो अनुभव आहे. कर्जाच्या व्याजाने महामंडळाची पुढे बरीच दमछाक केली, ही त्याची दुसरी बाजू.

पुणे–नाशिक मार्गाची अडचण पैशाची कमी आणि आकाशाची अधिक ठरली. आळ्याच्या शेजारी खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या या परिसरात पसरलेल्या आहेत. अंतराळातून येणाऱ्या अतिक्षीण लहरी त्या टिपतात आणि विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या विद्युत् गोंगाटाने त्या लहरी झाकल्या जाण्याचा धोका आहे. या कारणाने मूळ आखणी बदलावी लागेल, असे रेल्वे मंत्रालयाने संसदेत सांगितले आणि अहिल्यानगर, शिर्डी या बाजूने जाणारा पर्याय पुढे आला. नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर या पट्ट्यातून मूळ मार्गाचा आग्रह धरला गेला, तो स्वाभाविक आहे. दुर्बिणीचे महत्त्वही निर्विवाद आहे. त्या हद्दीपुरता मार्ग बाजूला वळविणे, भुयारातून नेणे किंवा लहरींना अटकाव करणारी व्यवस्था करणे यांतील काय शक्य आहे आणि त्याचा खर्च कोण देणार, हे तज्ज्ञांनी सांगावयाचे आहे.

ग्रामसभांच्या हाती जे आहे ते निराळे. मार्गाचा निर्णय भावनेपेक्षा वाहतुकीच्या अंदाजावर होतो आणि हे अंदाज पुष्कळदा दूरच्या कार्यालयात बसून केलेले असतात. आळेफाट्याच्या बसस्थानकावरून रोज किती माणसे पुण्याकडे आणि किती नाशिककडे जातात, त्यांत विद्यार्थी किती, चाकणच्या कारखान्यांत जाणारे कामगार किती, बाजाराच्या दिवशी किती मालमोटारी भरून निघतात आणि कोणत्या राज्यांत जातात, याची नोंद आगार, बाजार समिती आणि शाळा यांच्या मदतीने वर्षभर ठेवता येईल. ठरावाला असे कोष्टक जोडलेले असेल तर तो फायलीत वेगळा उठून दिसतो. त्या कोष्टकात आणखी एक रकाना असावा. स्थानक गावापासून किती दूर पडेल, तेथपर्यंतचा जोडरस्ता कोण करील आणि त्याची दुरुस्ती दरवर्षी कोणत्या लेखाशीर्षातून होईल? रेल्वेच्या अंदाजपत्रकात तो रस्ता बहुधा धरलेला नसतो. तो येतो जिल्हा परिषदेच्या ‘तीस चोपन्न’वर.